बारकं नको म्हणणारी आत्या

पारूआत्या गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला, तर आमच्या घरच्या ग्रुपवर तिचा फोटो आला होता आणि त्याखाली एकामागून एक जोडलेले हात. बाबांचा फोन त्यानंतर आला. “ताई गेली. तू घरी येऊ नकोस, सरळ ठाण्यालाच ये,” एवढंच ते म्हणाले. सकाळी आंघोळ करून, चहा घेऊन ती बाजारात जायला निघाली होती. चपला घालायला म्हणून उंबऱ्यावर बसली आणि तिथेच कलंडली. ग्रुपवरचा फोटो कुणाच्या तरी हळदीतला होता. पिवळी साडी, केसांत अबोलीची वेणी, चेहऱ्यावर ती नेहमीची ‘काय बघतेस’वाली नजर. तिच्या खांद्यावर बांगड्यांनी भरलेला एक हात होता, कोपरापाशी कापलेला. फोटोतली शेजारची बाई नीतावहिनीनं, म्हणजे आत्याच्या सुनेनं, कापून काढली होती. हात मात्र कापता आला नव्हता. तो हात कमळमावशीचा होता. ती आणि आत्या अर्धं आयुष्य एकमेकींच्या शेजारी बसून मासे विकत होत्या आणि शेवटची काही वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आमचं मूळ गाव ठाण्याच्या खाडीकाठचं. आता ते गाव आहे असं सांगावं लागतं, कारण चारही बाजूंनी इमारती आल्यात. बाबांना नोकरी लागल्यावर ते डोंबिवलीला आले, मी इथेच जन्मले, इंग्रजी शाळेत शिकले. आत्याची बोली मला पूर्ण समजायची, पण उत्तर देताना माझ्या तोंडून पुस्तकातली वाक्यं यायची. त्यामुळे ती मला ‘मडम’ म्हणायची. मी मुळात कमी बोलते. चार माणसांत मला काही विचारलं की आधी गप्प बसायची सवय आहे. आत्याला ते बघवायचं नाही. “तुना काय विचारला की तू पापलेटासारखा तोंड करतस,” असं ती भर बाजारात म्हणायची आणि आजूबाजूच्या बायका हसायच्या. कॉलेज ठाण्यात होतं, त्यामुळे शनिवारी तास संपले की मी बाजारात जायचे. तिचा माल संपेपर्यंत तिच्यामागे उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसायचे आणि मग तिच्याबरोबर तिच्या घरी जेवायला. घरी माझ्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून आई कुरकुरायची. पण मला तिथे बरं वाटायचं. सगळ्याच जणी एवढ्या मोठ्यानं बोलायच्या की माझ्या न बोलण्याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

बाजार तसा लहान. पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटचे ओटे, आणि ओटे न मिळालेल्या बायका बाहेर पायरीवर नि रस्त्याच्या कडेला. आत्याचा ओटा अगदी दाराशी. कमळमावशी दाराबाहेरच्या पायरीवर. मध्ये भिंतसुद्धा नव्हती, त्यामुळे दिवसभर दोघींचं बोलणं चालायचं, भांडणही. एकच डबा दोघी खायच्या. पहाटे बंदरावर लिलावात बोली लावायच्या त्याही एकत्र, कारण एकटीला अख्खी लॉट घेणं परवडत नाही. चार-पाच जणींनी मिळून घ्यायची आणि वाटे करायचे, ही तिथली रीत. दुसरी रीत पालिकेच्या गाडीची. फेरीवाल्यांना उठवणारी गाडी वळणावर दिसली की कुणीतरी ओरडायचं, “गाडी आली.” त्या क्षणी बाहेरच्या बायका आपल्या टोपल्या आत ढकलायच्या आणि आतल्या बायका त्या आपल्या ओट्याखाली ओढून वर गोणपाट टाकायच्या. गाडी गेली की टोपल्या परत. आत्या हे इतक्या सवयीनं करायची की गिऱ्हाइकाशी भाव करताकरता, त्याच्याकडे बघत, ती पायानं कमळमावशीची टोपली आत घ्यायची. मी हे कितीदा पाहिलंय. कुणाच्या टोपलीत काय आहे, हे त्या वेळी कुणी पाहत नसे.

आणि टोपलीत काय आहे हाच पुढे सगळा प्रश्न झाला. खाडीत जिथे फ्लेमिंगो उतरतात तो पट्टा संरक्षित आहे. तिथे बारीक आसाची, म्हणजे अगदी छोट्या भोकांची जाळी लावायला मनाई आहे, कारण त्यात माशांची पिल्लंही अडकतात. पण जाळी लागत होती. गावातले लावत होते, पलीकडच्या काठावरचेही लावत होते, आणि कमळमावशीचे यजमानही. ती पिल्लं बाजारात ‘बारकं’ म्हणून यायची. सगळी मिसळलेली, तळून खायला छान, आणि आमच्यासारख्या इमारतीतल्या गिऱ्हाइकांना साफ करायचा त्रास नको म्हणून हवी असलेली. आत्याही ती विकायची. तिनं कधी नाकारलं नव्हतं. ते नंतर तिनंच मला सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

नीतावहिनीच्या डोहाळजेवणाच्या वेळी आत्याला तिच्या माहेरी जिताडा पाठवायचा होता. आमच्याकडे व्याह्यांच्या घरी मोठा जिताडा पाठवणं मानाचं. आत्याच्या लग्नात तो खाडीतूनच आला होता आणि दोन माणसांनी धरून नेला होता, असं बाबा सांगतात. या वेळी आत्या रोज पहाटे बंदरावर चौकशी करायची आणि रोज रिकामी यायची. शेवटी कुणाच्या तरी तळ्यातला, पाळलेला मासा विकत आणावा लागला. व्याह्यांना फरक कळला नाही. आत्याला तो कळत होता आणि तिनं त्या दिवशी मासा खाल्ला नाही. त्याच आठवड्यात ती कमळमावशीच्या टोपलीत हात घालून म्हणाली, “कमळे, ही बघ. ही जिताड्याची पोरं. थांबलीस तं एकेकावर अख्खा घर जेवल.”

कमळमावशीनं कोयता थांबवला नाही. “मी थांबन गो. पलीकडचा थांबल का? मी सोडायची नि त्यानं धरायची. मंग मीच काय पाप केलाय?”

आत्यानं मग बंदरावर सगळ्या बायकांना विचारून पाहिलं. बाई घेणार नाही तर पुरुष मासे मारून काय करणार, असं तिचं म्हणणं. आपण लिलावात बोलीच लावली नाही तर ते जाळं आपोआप घरी पडेल. प्रत्येकीनं म्हटलं, बाकीच्या थांबल्या तर मी पण थांबते. प्रत्येकीनं खरंच तसं म्हटलं, असं आत्या सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं बोली लावली.

तेव्हा तिनं मला बोलावलं. शनिवार नव्हता, तरी बोलावलं. दुपारी घरात कुणी नसताना वनखात्याचा नंबर समोर ठेवून म्हणाली, “तू बोल. तुजा इंग्रजी हाय.” मी फोनवर अनोळखी माणसाशी बोलायला घाबरते. मी मनात इंग्रजी वाक्यं दोनदा जुळवली, मग नंबर लावला. पलीकडून एक शांत आवाज आला, “बोला ताई.” मी मराठीत, अडखळत, जे सांगायचं ते सांगितलं. कुठल्या बाजारात, साधारण कधी माल येतो, कुठल्या पट्ट्यातून येतो. त्यानं नाव विचारलं तेव्हा आत्यानं नको म्हणून मान हलवली आणि मी फोन ठेवला. आत्या म्हणाली, “एवढा शिकलीस नि तुजा इंग्रजी वायाच गेला.” आम्ही दोघी हसलो. पण तिला भीती वाटत होती. दारूचा किंवा चोरीचा प्रश्न असता तर निराळं. ही तक्रार शेवटी कमळमावशीच्या यजमानांवरच जाणार होती आणि ते तिला फोन करण्याआधीही माहीत होतं. “बोटीवाल्याला पकडतील, बाईला नाय पकडणार,” असं ती म्हणाली. मला की स्वतःला, ते कळलं नाही.

ते लोक आले त्या दिवशी मी तिथेच होते. वनखात्याची जीप वळणावर दिसली आणि रस्त्यावरच्या कुणीतरी, जीप आहे की ट्रक हे न बघता, सवयीनं हाळी दिली. “गाडी आली.” बाहेरच्या टोपल्या आत सरकल्या. आत्या एका माणसाला बोय कापून देत होती. तिनं मान वर केली नाही. पाय लांब केला, कमळमावशीची टोपली आत ओढली, ओट्याखाली सरकवली, वर गोणपाट टाकलं आणि माशाचे तुकडे पिशवीत भरले. मी तिच्यामागे बसले होते. मी पाहत होते आणि मला ओरडता आलं नाही... ओरडायला काही सुचायच्या आत सगळं झालं होतं. खाकी कपड्यातली माणसं दारातून आत आली, तेव्हा आत्याला कळलं की ही कुठली गाडी आहे. तिचा चेहरा मी पाठीमागून पाहू शकत नव्हते. तिची मान तेवढी ताठ झालेली दिसली.

त्यांनी गोणपाट उचललं. टोपलीभर पिल्लं होती. “हे कुणाचं?” एकानं विचारलं. आवाज फोनवरचाच होता, मला ओळखू आला. कमळमावशी पायरीवर उभी होती, रिकाम्या हातानं, आणि आत्याकडे बघत होती.

“माजा,” आत्या म्हणाली.

त्यांनी टोपली नेली, तिची सही घेतली, तिला नीट समजावलंही. अडदांडपणा कुणी केला नाही. जाताना तो माणूस म्हणाला की मावशी, तुमच्यासारख्या जुन्या बायकांनी तरी असं करू नये. आत्यानं होय म्हणून मान हलवली. त्या संध्याकाळी घरी ती भाकरी थापताना एकदम हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “आपूनच बोलावला,” ती म्हणाली, “नि आपूनच धरून दिला, आपल्यालाच.”

बाजारात मात्र ती देवी झाली. दुसरीचं पाप अंगावर घेतलं म्हणून बायकांनी तिला डोक्यावर घेतलं. कमळमावशी घरून तिच्यासाठी खास चिंबोऱ्यांचं कालवण आणू लागली. त्याच डब्याभोवती बसून सगळ्या जणी खबर देणाऱ्याला शिव्या घालत होत्या. त्याचे हात झडोत, त्याच्या जाळ्याला साप लागो. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हाही तेच चालू होतं. आत्या कालवण समोर घेऊन नुसती बसली होती. मग तिनं डबा कमळमावशीकडे सरकवला आणि जेवढ्या आवाजात ती भाव सांगायची तेवढ्याच आवाजात म्हणाली, “खबर मी दिली.”

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं भांडण होईल. कमळमावशीनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना म्हणून दोनदा दाबून लावलं. मग आपली टोपली उचलली आणि पायरी सोडून रस्त्यापलीकडे जाऊन बसली. आत्यानं माझं नाव घेतलं नाही. मीही काही बोलले नाही. दुसऱ्या पहाटे बंदरावर आत्याला कुणी वाट्यात घेतलं नाही. तिसऱ्याही नाही. तिला मारायबिरायची कुणाला गरज नव्हती. वाटा नाही तर माल नाही, आणि माल नाही तर ओटा रिकामा. रिकामा ओटा बाजारात फार दिवस रिकामा राहत नाही. आत्यानं तो स्वतःहून सोडला आणि शेडच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, गटाराच्या बाजूला, जिथे सुक्या मासळीवाल्या बसतात तिथे गेली. बोंबील, सुकट, जवळा. सुक्या मालाला पहाटेच्या वाट्याची गरज नसते. “नाकाला बरा नाय,” ती म्हणायची, “पन पहाटे उठाया नको.”

बाबांनी तिला एकदा डोंबिवलीला येऊन राहायला सांगितलं. “ताई, आता पुरे झालं. या वयात कशाला तोंडं चुकवत बसायचं?” ती म्हणाली, तोंडं ते चुकवतात, मी नाही. ती बाजार सोडून गेली नाही याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. ज्या ठिकाणी कुणी आपल्याशी बोलत नाही तिथून मी तरी दुसऱ्याच दिवशी निघाले असते.

पण बोलणं पूर्ण थांबलं होतं असं नाही. काही दिवसांनी कमळमावशी परत पायरीवर आली, मग आत्यानं सोडलेला दाराशीचा ओटा तिनंच घेतला. तिथून ती मागच्या कोपऱ्याकडे न बघता, गिऱ्हाइकाला सांगितल्यासारखं बोलायची. “बारकं विकू नका म्हणं. आता जवळा विकतंय. तो काय म्हातारा होऊन मरतोय का?” शेड हसायची. मागून आत्या दुसऱ्याच कुणाला तरी सांगायची, “जवळा जन्माचाच बारका. कमळीच्या नवऱ्याच्या अकलेसारखा. वाढायचाच नाय.” शेड पुन्हा हसायची. हे पुढची काही वर्षं चाललं. एकमेकींचं नाव घेऊन, तोंडाकडे बघून, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कमळमावशीच्या मुलाचं लग्न झालं त्याची पत्रिका आत्याला आली नाही. त्या संध्याकाळी आत्या गच्चीवर वाळत घातलेले बोंबील काढत होती आणि गावातून बेंजोचा आवाज येत होता. “हळद नीट लावलीय का नाय कोन जाने,” ती म्हणाली, “कमळीला घाई असते.” मग बोंबील घेऊन खाली गेली.

बारकं बंद झालं का, असं मला ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं. नाही झालं. मधे काही दिवस गस्त वाढली, काही जाळी जप्त झाली, मग पुन्हा सुरू झालं. आत्याला ते दिसत होतं. कोपऱ्यातून दारापर्यंतच्या सगळ्या टोपल्या दिसतात. ती पुन्हा फोन करायला मला कधी म्हणाली नाही. पण गिऱ्हाईक बारक्याचा भाव विचारत तिच्यापर्यंत आलं, तर ती त्याला सुकट देऊन वर सांगायची की ते घेऊ नका, ती पोरं आहेत. काही लोक ऐकायचे. बरेचसे दुसरीकडून घ्यायचे.

आत्याचं सुतक संपलं त्या दिवशी तिच्या घरी तिखटाचं जेवण होतं. सुतकात न केलेली मासळी त्या दिवशी पहिल्यांदा चुलीवर चढते आणि ती शेजारपाजारच्यांनी आणायची असते. बाजारातल्या बायका दुपारपासून येत होत्या. कमळमावशी सगळ्यांत शेवटी आली. नीतावहिनी तिला बघून आत निघून गेली. मावशी मागच्या अंगणात मोरीशी बसली, स्वतःचा कोयता काढला आणि मासे साफ करायला लागली. मी पाणी ओतायला शेजारी बसले. मोठी बोय होती, हातभर. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “फोन तू केलेलास ना?”

मी माशावर पाणी ओतलं.

“तिला कुटं नंबर लावाया येतोय. मना तेवाच ठाव होता.”

“मग तुम्ही सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?” मी विचारलं. माझ्या मते मी तिला आयुष्यात विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

“तुजा नाव घेतला असता तं पारू लगेच पाया पडली असती माज्या. पोरीला सोड म्हणून.” तिनं खवले पाण्यात झटकले. “मना तशी नको होती.”

जेवायला ती थांबली नाही. नीतावहिनीनं डबा भरून दिला तो मात्र घेतला. निघताना म्हणाली की कोपऱ्यातली जागा मी धरून ठेवलीये, नीताला बसायचं तर बसू दे. “नाय तं तू ये, मडम. तुजा तोंड बघून गिराईक भावच करनार नाय.” ‘मडम’ म्हणणारी आता तीच एक उरली आहे.

गेल्या शनिवारी मी बाजारात गेले. खोपटला बसमधून उतरले आणि चालतच गेले. आत्याच्या वस्तू आणायच्या होत्या. तिचा तराजू, पत्र्याचे दोन डबे, बसायचा पाट. कोपऱ्यात कुणी बसलेलं नव्हतं. पाटावर ओलं गोणपाट घालून ठेवलेलं होतं. कुणीतरी ते रोज भिजवत असावं, कारण शेडमध्ये त्या वेळी खूप उकडत होतं आणि गोणपाट थंड होतं. शेजारच्या सुकटवालीनं सांगितलं की ही जागा मागायला दोघी-तिघी येऊन गेल्या, कमळीनं परत पाठवल्या. मी डबे पिशवीत भरत होते, तेव्हा एक बोटीवाला टोपली घेऊन दारातून आत आला आणि त्यानं ती कमळमावशीच्या ओट्यावर टेकवली. मला लांबूनही कळलं आत काय आहे ते. पाण्यासारखं चमकत होतं.

तिनं टोपलीत हात घातला. मूठभर पिल्लं उचलून पाहिली, परत आत सोडली.

“नको,” ती म्हणाली.

“काय झाला, मावशे? ताजी हाय.”

“ताजीच हाय. नको.”

तो टोपली उचलून दोन ओटे सोडून पुढे गेला. तिथल्या बाईनं भाव विचारला, घासाघीस केली आणि टोपली उतरवून घेतली. बाजार चालू होता तसाच चालू राहिला. कमळमावशीनं ओट्यावर पाणी मारलं, हात पदराला पुसले. मग कोपऱ्याकडे, जिथे मी पाट उचलू की नको असा विचार करत उभी होते तिकडे न बघता, समोरच्या गिऱ्हाइकाला सांगितल्यासारखं, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी नाय घेतला हां.”

मी पाट तिथेच ठेवला.